फ्यूजमधली जाड तार

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र परवा मिळाले. नवे बिऱ्हाड जुन्या बांधणीचे असले तरी हवेशीर आहे आणि सूनबाईला आवडले आहे, हे वाचून बरे वाटले. न्हाणीघराबाहेर भिंतीतून वायरी लोंबत होत्या, एकीचे तांबे उघडे पडले होते, त्यावर तू स्वतःच पट्टी गुंडाळलीस आणि 'बाबांचा मुलगा शोभतो की नाही?' असे विचारलेस. फ्यूज मात्र सारखा उडतो, म्हणून रविवारी त्यात जाड तार घालणार आहेस. मी तातडीने फोन करून 'तसे करू नकोस' म्हणालो, तर तू हसलास. 'बाबा, तुम्हीच तर केलं होतंत की!'

केले होते, हे खरे.

इकडे ठीक आहे. दोन वेळा जेवतो. कपडे बादलीत हाताने धुतो. कॉलरचा मळ नीट निघत नाही. मागच्या खेपेस तू मशीन कुठे गेले असे विचारलेस, तेव्हा मी 'बिघडले, देऊन टाकले' म्हणालो आणि विषय बदलला. ते बिघडलेले नव्हते.

आपल्या घरची वायरिंग माझ्या वडिलांच्या काळातली. मशीनमागच्या जोडावरचे रबर हात लावताच भुग्यासारखे गळे. तुझ्या आईने माझ्या परस्पर वायरमनला बोलावून ते दाखवले. सगळी लाइन बदला, अर्थिंग धड नाही, तोवर मशीन लावू नका, असे तो सांगून गेला. ती म्हणाली, 'अहो, ऐका ना जरा त्याचं.' मी म्हणालो, 'न्हाव्याला विचारलंस तर केस वाढलेत असंच सांगणार.' ती हसली. माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीवर तिचा फार विश्वास होता. मी पट्टी गुंडाळली, फ्यूजमध्ये जाड तार घातली आणि 'झालं' म्हणून सांगितले. फ्यूज उडायचा थांबला. तीन आठवडे मी घरात ऐटीत वावरलो.

आईचे हृदय अचानक बंद पडले, असे मी तुला कळवले. ते खोटे नव्हते, अर्धे होते. ओल्या हाताने तिने मशीनचे झाकण उघडले. मी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. नंतर तोच वायरमन आला. म्हणाला, 'साहेब, फ्यूज ओरडून सांगत होता, तुम्ही त्याचं तोंड दाबलंत.'

हे मी कोणालाच सांगणार नव्हतो. पण तुझ्या घरात नात रांगू लागली आहे आणि तू माझाच कित्ता गिरवतो आहेस. फोनवर हे माझ्याने सांगवणार नाही; रविवारच्या आत हे पत्र हाती पडावे म्हणून आजच रवाना करतो. ते मिळताच कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून मेन स्विच बंद कर. वायरीला, तुझ्या त्या पट्टीलासुद्धा, हात लावू नकोस. दोघींना घेऊन सूनबाईच्या माहेरी जा. परवाना असलेला वायरमन सगळी लाइन तपासून, अर्थिंग करून, करंट गळताच तोडणारा स्विच बसवीपर्यंत परतू नका. हे पत्र सूनबाईलाही वाचायला दे. नुसत्या तुझ्या 'झालं'वर तिने विसंबू नये. क्षमा मी मागत नाही, तेवढा माझा अधिकार नाही. यापुढे माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. फक्त मेन बंद झाल्याची एक ओळ पाठव, आणि ती सूनबाईच्या हस्ताक्षरात असू दे.

तुझाच,
बाबा