हौसाच्या बापाचं नाव

भावजी,

भाकरी टोपलीत हाय, कालवण चुलीवर. मी राहिलेला दिवस रानात तण भांगलायला जाते.

आज हौसाला बालवाडीत घातलं. बाईंनी बापाचं नाव विचारलं, तर पोरीनं मोठ्यानं तुमचं सांगितलं. तिची काय चूक? तुमचे भाऊ लढाईत गेले तवा ती पोटात होती.

मी म्हणाले, "हे चुलते हायत गं. तुझे बाबा फोटोत हायत." तशी लय रडली.

मग मलाच सांगावं लागलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आजच ह्यांचं नाव तोंडातून काढलं.

पोर आजीजवळ निजलीय. उठल्यावर तुमाला 'बाबा' म्हणाली, तर आजचा दिवस ओ द्या.

शालू