आबांनी वाचवलेला मनोरा

सोलापूर

चि. पायलला दादाचा आशीर्वाद.

फोन आबांच्या उशाशी असतो, म्हणून पत्र लिहितोय. मी बरा हाय, जेवण वेळेवर मिळतं. आबांचा खोकला कसा हाय?

हितलं काम त्याच चर्चचं निघालं, ज्याचा मनोरा तीस वर्षांमागं आबांनी वाचवला होता. सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळात पोटासाठी आलेल्या माणसांनी तो चुन्यात बांधला. आबांनी वरून सिमेंटचा गिलावा दिला. चुना भिंतीतलं पाणी बाहेर सोडतो, सिमेंट सोडत न्हाय. पाणी आतच कोंडलं आणि चुन्याची माती झाली. काल गिलावा फोडून हात घातला, तर कोपरापर्यंत भिंतीत गेला. आता मनोरा पाडायचाय. घंटा उतरवून ठेवलीय.

तवा ओल्या गिलाव्यावर आबांनी आपलं नाव कोरलं होतं, 'मानसिंग'. कुणी बघायच्या आत तेवढं मी आधी फोडलं. तरी चर्चमधल्या म्हाताऱ्या सुवार्ताबाई चहा देताना म्हणाल्या, "मानसिंग मिस्त्रींनी आमचं देवाचं घर राखलं."

आबा विचारतीलच. मनोऱ्याचं सांगू नकोस. एवढंच वाचून दाखव: आबा, तुमचा गिलावा लई घट्ट हाय, माझी छिन्नी मोडली.

तुझा दादा,
सयाजी