चुनोबाचं तोंड

७ नोव्हेंबर

भांडलो. पुन्हा. आणि कशावरून, तर एका कंदिलावरून!

दिएपच्या आजीचा कंदील. काच तडकलेली, तड्यावर भाताच्या खळीनं कागदाची पट्टी चिकटवलेली. मी तो काळ्या कापडावर ठेवला, पट्टी मागच्या बाजूला वळवली, खिडकीचा उजेड डावीकडून घेतला. पितळ असं उजळलं की मलाच माझं कौतुक वाटलं. दिएपनं कॅमेऱ्यात बघितलं. म्हणाली, "छान आलाय. पण आमचा वाटत नाही. दुकानातला वाटतो."

"मग दुकानातच जा फोटो काढायला," म्हटलं, स्टँड गुंडाळलं आणि निघालो. ती थांब म्हणाली नाही. पुलापर्यंत मुद्दाम हळू चाललो. मूर्ख.

८ नोव्हेंबर

गेलो परत, नाक मुठीत धरून. आजी दारातच बसली होती, तोंडात पान. "आला का फोटोवाला? याला आधी जेवायला वाढ गं. रिकाम्या पोटी याचं डोकं फार तापतं." शिंपल्यांचा भात. दोनदा घेतला.

पट्टी पुढे घेऊन कंदील पुन्हा काढला. बरा आला. दिएपला तसं म्हणालो मात्र नाही.

झोपण्याआधी थोडं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या डोकं थंड राहील. दिएपचे बाबा सायगॉनला असतात. आजीला आणि दिएपला तिकडे न्यायचं ठरलंय. फ्लॅटमध्ये ही भांडीकुंडी मावणार नाहीत, म्हणून एकेका वस्तूचा एक फोटो, आजीच्या खोलीत लावायला. दिएपला तिथे नोकरीही लागलीय, घरांचे नकाशे काढायची. आम्ही एकाच वर्गात होतो. मी दुसऱ्या वर्षी सरांच्या टेबलावर माझं मॉडेल आपटून बाहेर पडलो. ती टिकली. एवढाच फरक.

सगळं अडलंय ते चुनोबापायी. चुन्याचं मडकं. गोल पोट, वर कडी, पोटाला एक भोक. पानाला चुना लावून झाला की आजी काडी त्या भोकाच्या कडेला पुसते. लग्न होऊन आली तेव्हापासून पुसतेय. थरावर थर चढून त्याला पांढरे जाड ओठ आलेत. भोक बारीक होत होत आता काडी जेमतेम आत जाते. इकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांसारखी तीही त्याला मडकं म्हणत नाही. वडीलधाऱ्यांना म्हणावं तसं मानानं "ते" म्हणते. तोंड मिटलं की त्यांना वडाखाली नेऊन बसवायचं.

"यांचं तोंड मिटलं की मी येते. त्याआधी नाही," असं आजीनं मुलाला सांगून टाकलंय. त्याच्यावर कोण काय बोलणार? आजीला एकटं ठेवता येत नाही, म्हणून दिएपही अडकलेली. नोकरीवाले डिसेंबरपर्यंत थांबणार. दिएप रोज सकाळी ते भोक बघते.

मीही बघतो.

१३ नोव्हेंबर

चार दिवस झिमझिम. आभाळ भरलेलं. असा उजेड पैसे देऊन मिळत नाही. सावल्या मऊ, कडा मऊ.

वड्या पाडायचा लाकडी साचा काढला. मग मोठ्या फुलांचा थर्मास. दिएप दुसऱ्या बाजूनं पांढरा पुठ्ठा धरून उभी होती, उजेड परत वस्तूवर पडावा म्हणून. "जरा वर. अजून. आता डावीकडे." पुठ्ठा खुर्चीला टेकवूनही काम होतं. मी तिला सांगितलं नाही.

ती मध्येच म्हणाली, "थिएन, तू परत कॉलेजला का जात नाहीस?"

"पुठ्ठा हलतोय," मी म्हटलं.

ज्यांच्या स्टुडिओत काम करतो ते तान काका संध्याकाळी फोटो बघून म्हणाले, "थर्मासचे फोटो काढून पोरी मिळत असत्या, तर मी चार लग्नं केली असती."

१७ नोव्हेंबर

आज दिएपशी मनातलं बोलायचं ठरवून गेलो होतो. पानसुपारीच्या तबकाच्या फोटोबद्दलच बोलून आलो.

१९ नोव्हेंबर

हे लिहिलंच पाहिजे.

आजी दुपारची झोपली होती. चुनोबा टेबलावर. सकाळपासून जमत नव्हतं. पोट गडद तपकिरी, ओठ पांढरेफटक. पोट नीट दिसावं इतका उजेड घेतला की फोटोत ओठ जळून नुसता पांढरा डाग. उजेड कमी केला की पोट काळोखात. एकदा, दोनदा, वीसदा. बाहेर अंगणात दिएप फोनवर. सायगॉनच्या ऑफिसातला कुणी क्वान. त्यानं तिच्यासाठी ऑफिसजवळ कॉम्प्युटरवर नकाशे शिकवणारा वर्ग शोधलाय. ती हसत होती. माझ्याशी बोलताना ती असं हसत नाही. बहुतेक मी तशी वेळच आणत नाही.

स्टँडचा स्क्रू पिळायचा पेचकस हातात होता. म्हटलं, ओठाची पुढे आलेली कड तेवढी काढू, चकाकी कमी होईल. टेकवला. जरा दाबला.

अख्खा ओठ निघून हातात आला. आत भलंमोठं भोक.

आवाज फारसा झाला नाही. तरी दिएप आली.

२० नोव्हेंबर

आजी रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मडकं मांडीवर घेतलं, भोकात बोट घालून बघितलं. "केवढा आ केलाय यांनी," म्हणाली. "भूक लागली असेल." आणि ओला चुना कालवायला बसली. तिथे बसूनच दिएपला म्हणाली, "बापाला कळव. आता मी काही येत नाही."

दिएप मला फाटकापर्यंत सोडायला आली. एरवी कधी येत नाही.

"मुद्दाम केलंस?"

"चुकून झालं."

"थिएन."

"चुकून झालं म्हणतो ना!" — ओरडलो मी. चूक माझी, आणि ओरडलोही मीच.

२१ नोव्हेंबर

चुकून? पेचकस दाबला तेव्हा डोक्यात काय होतं? चकाकी होती. क्वान होता. आणि तोंड मिटलं की ती जाणार, हेही होतं. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, ते आता मला सांगता येत नाही. हात मात्र माझाच होता.

२४ नोव्हेंबर

तुटलेला ओठ माझ्याकडेच राहिला होता. खिशात घालून आणला, का ते माहीत नाही. आज दुपारी खिडकीत ठेवला. समोरून नाही, अगदी बाजूनं उजेड येऊ दिला, जमिनीला घासत आल्यासारखा. आणि दिसलं. एकेक थर दिसला. एकेक पुसलेली काडी. काही जाड, काही घाईतले, एका जागी बोटाचा ठसा. जळत नव्हतं काहीच. टेबल फक्त अर्धं वळवायचं होतं. एवढंच करायचं होतं!

फोटो काढला. आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो. कुणाला दाखवू?

२८ नोव्हेंबर

दिएपनं नोकरी नको म्हणून कळवलं. तान काकांकडून समजलं. तिचे बाबा म्हणे फोनवर खूप चिडले. आजी ऐकेना, आणि आजीला सोडून ही जाईना.

म्हणजे ती इथेच राहणार. पुलापलीकडे. मला हवं होतं तसंच.

बातमी ऐकली तेव्हा पहिल्या क्षणी आनंद झाला. तो लिहून ठेवतोय, कारण तोच मला सगळ्यात जास्त टोचतोय.

१ डिसेंबर

बाजारात दिसली. आजीसाठी नागवेलीची पानं निवडत होती. मी समोर उभा राहिलो.

"फोटो तयार आहेत," म्हटलं.

"आता काय करायचेत? वस्तू आहेतच घरात." चिडून नाही, सरळच बोलली. डोळ्यांखाली काळं आलंय. कॉलेजात रात्र रात्र जागून मॉडेल बनवायची तेव्हासुद्धा असं नव्हतं. पानवाली म्हणाली, "घे गं लवकर, एवढं निवडायला तुझं लग्न आहे का आज?" दिएप हसली नाही. मला तिचं ते अंगणातलं हसणं आठवलं आणि वाटलं, क्वानमुळे का होईना, ती तशी हसू दे.

२ डिसेंबर

सायगॉनला फोन लावला. तिच्या बाबांना. दोनदा मीच कापला. तिसऱ्यांदा बोललो.

६ डिसेंबर

सकाळच्या गाडीनं दिएप सायगॉनला गेली. नोकरीवाल्यांनी तिची जागा अजून भरली नव्हती.

आजीच्या सोबतीला पुढच्या खोलीत माझं अंथरूण टाकलंय. आजी म्हणाली, "घोरलास तर अंगणात झोपवीन."