माणूस जवळ नसता तर

९ जानेवारी, गुरुवार

कॅरॅव्हॅन गेली. ट्रॅक्टर लावून ओढली. तीन वर्षांत चाकं मातीत रुतली होती, दोनदा दोर तुटला. ब्रायनी गोठ्याच्या दारात हाताची घडी घालून बघत होती. म्हणाली, "घर चाललंय बघा माझं, मला न घेताच." मला हसू आलं नाही.

तात्पुरती परवानगी तीन वर्षांचीच होती. संपली. या टेकड्या संरक्षित — इथे विटेवर वीट ठेवायची तर नियोजन समितीपुढे नाक घासायचं. गोठा चालतो, गोठा शेतीचा. पण त्यातल्या एकशे वीस गाई सांभाळणारी बाई झोपणार कुठे असं विचारलं, की लगेच निसर्गसौंदर्य आडवं येतं!

गावात भाड्याने खोली नाही. निम्मी घरं सुट्टीवाल्यांची, हिवाळाभर कुलपं. तिला बाजारगावात एका लाँड्रीवर दोन खोल्या मिळाल्या. चौदा मैल, माळावरच्या रस्त्याने.

माझं घर खाली गावात, गोठ्यापासून मैलभर. तिला म्हटलं, माझ्याकडे राहा, माझी डोरीन वारल्यापासून तिची खोली रिकामीच आहे. तर म्हणाली, "आर्नल्ड, तुमचं घोरणं मला गोठ्यापर्यंत ऐकू येतं."  एकट्या म्हाताऱ्याच्या घरात तिने का राहावं म्हणा.

२१ जानेवारी, मंगळवार

एम्बरी आला होता. हा आमचा सल्लागार. घराचा अर्ज त्यानेच भरलाय. दोन खोल्या, दगडी भिंती, पाटीच्या दगडाचं छप्पर. गोठ्याशेजारच्या मिसेस लॉकयर यांची मोटार ठेवायची जागा याहून मोठी आहे.

समितीने नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवाल घेऊन आला होता. एम्बरीने सांगितल्यावरून ब्रायनीने तीन वर्षं नोंदवही ठेवली आहे. अवेळी गोठ्यात जावं लागलं की एक ओळ. पाच रकाने — तारीख, वेळ, काय झालं, जवळ कोण होतं, आणि शेवटचा: माणूस जवळ नसता तर काय झालं असतं? हा शेवटचाच महत्त्वाचा, असं एम्बरी पहिल्या दिवसापासून सांगतोय. ब्रायनी तो मन लावून भरते. "वासरू गुदमरलं असतं." "गाय अडकून मेली असती." एकदा लिहिलं होतं, "आर्नल्डना चहा मिळाला नसता." एम्बरीने ते खोडायला लावलं.

तर तज्ज्ञ म्हणतो, तीन वर्षांत फक्त दोन वासरं दगावली. एवढा कमी मृत्युदर असलेल्या गोठ्यावर चोवीस तास माणूस राहण्याची गरज सिद्ध होत नाही.

मी म्हटलं, अरे बाबा, ती पन्नास पावलांवर झोपत होती म्हणून तर कमी! एम्बरी म्हणाला, "मला कळतं. कागदाला कळत नाही. तुमचे आकडे फार चांगले आहेत, आर्नल्ड. तीच अडचण आहे."

पन्नास वर्षं गुरं सांभाळली. ती चांगली सांभाळली म्हणून कोणी दोष दिला नव्हता अजून.

२८ जानेवारी

मिसेस लॉकयर दारात. हरकतीचं पत्र लिहिलंय हे स्वतःहून सांगायला आल्या — आडून वार करणं त्यांना पटत नाही म्हणे. तुमच्याविरुद्ध काही नाही, पण माझ्या स्वयंपाकघरातून ते छप्पर दिसेल. आणि एकाला परवानगी दिली की सगळे मागतील.

ज्या घरातून हे दिसेल ते आमच्याच गोठ्यावरच्या माणसाचं घर. माझ्या वडिलांनी विकलं. दारावर अजून 'गुराख्याचं घर' अशी पाटी आहे, बाईंनी हौसेने रंगवून घेतली आहे. मी बाईंना चहा दिला.

६ फेब्रुवारी

विण्याच्या कप्प्यात कॅमेरा बसला. तज्ज्ञाचंच म्हणणं — घर कशाला, कॅमेरा लावा. गाईला कळा सुरू झाल्या की फोनवर घंटा वाजते, बाई बाजारगावातून येईल. आणि मालक तर मैलभरावरच राहतो!

त्यावर एम्बरीने डॉक्टरांचं पत्र जोडलंय. मालक एक्काहत्तर वर्षांचा, खुबा बदललेला, अवेळी गाय सोडवण्याचं काम त्याला झेपणार नाही. झेपतं. पण पत्रात झेपत नाही.

"कॅमेरा लावा," एम्बरी म्हणाला, "आणि तो पुरत नाही हे दाखवा." कसं दाखवायचं, मी विचारलं. त्याने कागद सारखे केले. म्हणाला, एखादी घटना घडलीच तर नीट नोंदवा.

शिडीवर ब्रायनीच चढली. माझ्या फोनवरही घंटा जोडून दिली. सगळा गोठा हातातल्या काचेत दिसतो. मेबल कॅमेऱ्याकडे बघून रवंथ करत होती. मेबल म्हणजे ९१ नंबर. ब्रायनी इथे आली त्या आठवड्यात जन्मली, आई गेली म्हणून हिने बाटलीवर वाढवली. बाकीच्या गाईंना नंबर, हिला नाव.

१९ फेब्रुवारी

घंटा. ब्रायनी अडतीस मिनिटांत पोचली. कालवड सुखरूप. नोंदवहीत लिहायला काही नाही!

२ मार्च, रविवार

आज बोललीच. धारा झाल्यावर, बादल्या धुता धुता. पलीकडच्या परगण्यातून बोलावणं आहे. तीनशे गाई, घरासकट. "एप्रिलपर्यंत थांबते. समितीने नाही म्हटलं तर जाते. तुमच्यावर राग नाही, आर्नल्ड. मला गाडी चालवताना झोप लागते. गेल्या आठवड्यात जागी झाले तर चाक गवतावर होतं."

 ती गेली की गाई जाणार. विकायच्या एवढंच. माझ्यामागे कोणी नाही, आणि असं काम करणारं दुसरं माणूस या टेकड्यांवर घराशिवाय येणार नाही. सत्तर वर्षं या कळपात एकही दिवस धार चुकलेली नाही. एप्रिलनंतर सकाळी उठून मी करायचं काय, हे मला खरंच समजत नाही.

मेबलचे दिवस भरत आलेत.

१३ मार्च, गुरुवार

मेबल गेली. वासरूही गेलं.

१४ मार्च

काल याहून जास्त लिहवलं नाही. काल पहाटे घंटा वाजली. वासरू पायाळू — मागचे पाय आधी. असं वासरू बाहेर यायला लागलं की नाळ दबते, मग चार-पाच मिनिटांत ओढून काढायला लागतं. ब्रायनी पोचेपर्यंत ते अर्धं बाहेर आणि मेलेलं. मेबलला आत फाटलं होतं. गुरांचा डॉक्टर सातला आला, बघितलं, आणि गाडीतून बंदूक आणायला गेला. ब्रायनीने तिचं डोकं मांडीवर घेतलेलं सोडेना, त्याला दोनदा सांगावं लागलं.

तिने मला सहा फोन केले होते. म्हटलं, झोपेची गोळी घेऊन झोपलो होतो, ऐकू आलं नाही.

ती सारखा हिशेब करते. गाडीच्या काचेवर बर्फ होता, तो खरवडण्यात सात मिनिटं गेली. माळावर धुकं होतं, जोरात मारता आली नाही. "बूट खालीच ठेवले असते तर... मी बूट शोधत बसले, आर्नल्ड." 

एम्बरीला कळवलं. फार वाईट झालं म्हणाला. मग विचारलं, "फोटो काढलेत?"

१६ मार्च, रविवार

कुठेतरी लिहायला हवं. सांगायला कोणी नाही.

मी झोपलो नव्हतो. घंटा वाजली तसा उठलो, जीप काढली, वर गेलो. पाचला अजून आठ मिनिटं होती. खुबा दुखलासुद्धा नाही. मेबल आडवी पडलेली, दोन खूर बाहेर, तळवे वर — म्हणजे पायाळू, बघताक्षणी कळलं. वासरू ओढायच्या दोऱ्या खुंटीला. मी कोट काढला. उजवी बाही खांद्यापर्यंत सारली. अशी किती वासरं काढली असतील मी, दोनशे, तीनशे. हे लहान होतं, लगेच निघालं असतं.

आणि मनात आलं — निघालं की नोंदवहीत काय? 'मालक आला. वासरू सुखरूप.' संपलं. ब्रायनी एप्रिलमध्ये जाईल.

मी बाही खाली केली.

एक वासरू. एवढंच धरून चाललो होतो, देवाशपथ. मेबल जाईल असं वाटलं नव्हतं. ती कळा देत राहिली, मान वळवून माझ्याकडे बघत राहिली — मी आलोय म्हटल्यावर तिला वाटलं असणार, आता झालं. मला तिथून निघता येईना आणि हातही लावता येईना. वासराचे पाय हलायचे थांबले तरी मी तिथेच. दूरवर ब्रायनीच्या गाडीचा उजेड दिसला तेव्हा खालच्या वाटेने घरी आलो. कोट घालून खुर्चीत बसून राहिलो.

डोरीन असती तर तिला तोंड दाखवता आलं नसतं. ती नाही हे पहिल्यांदाच बरं वाटलं. हे वाटणंसुद्धा किती नीच.

१७ मार्च

धारा. पाऊस.

३ एप्रिल, गुरुवार

समिती. अकरा सभासद, मागे लोकांच्या खुर्च्या. एम्बरीने भिंतीवर फोटो लावला. मेबल, बाजूला वासरू, पेंढ्यावर रक्त. कोणीतरी "अरेरे" म्हणालं. मग नोंदवहीची ओळ मोठ्याने वाचली — घंटा ४:४५, बाई पोचल्या ५:३१, जवळ कोण: कोणी नाही. 'माणूस जवळ नसता तर' हा रकाना ब्रायनीने कोराच ठेवला होता. एम्बरी म्हणाला, या एका कोऱ्या रकान्यात आमचा सगळा अर्ज आहे. चांगलं बोलतो तो.

एका सभासदाने मला विचारलं, आपण तिथवर पोचू शकला नसता का? माझी काठी शेजारी टेकवलेली होती. म्हटलं, "नाही साहेब."

सहा विरुद्ध पाच. मंजूर.

ब्रायनी बाहेर जिन्यात बसून रडली. म्हणाली, "मेबलने घर दिलं मला." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. उजवा.

६ एप्रिल, रविवार

मिसेस लॉकयर केक घेऊन आल्या. आल्याचा. डोळे भरलेले. "आम्हाला कल्पनाच नव्हती हो, की असं काही होतं. छपराचं काय, मी तिथे एक झाड लावीन." मी पार विरघळून माफी मागायला लागलो — बाईंना वाटलं, सौजन्य. केक तसाच पडलाय. 

११ एप्रिल, शुक्रवार

परवानगीचं पत्र आलं. दगड कुठला, खिडक्या किती, बाहेर दिवा लावायचा नाही. आणि अट — या घरात शेतीवर काम करणाऱ्यानेच राहायचं. दुसऱ्या कोणाला देता येणार नाही, विकता येणार नाही.

ब्रायनीने दुपारी खुंट्या मारून दोरी बांधली. पावलं मोजत फिरली. इथे चूल, इथे पलंग, इथे ओले बूट. दोरीच्या आत उभी राहून म्हणाली, "इथून गोठ्याचं दार दिसतं, बघा." बऱ्याच दिवसांनी हसली. पलीकडच्या गोठ्याला नाही म्हणून कळवलंय. मला तिला सगळं सांगावंसं वाटलं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात एम्बरीचा फोन आला.

जाताना म्हणाली, घर झाल्यावर कॅमेऱ्याचं काय काम, सोमवारी काढून परत पाठवते. आधी त्यातलं जुनं सगळं उतरवून घेते, म्हणजे मेबल उभी असलेली, चालतानाची, जवळ राहील.

मी विचारलं, उतरवून कसलं? तो फक्त दाखवतो ना?

"छे, आर्नल्ड! दोन महिन्यांचं सगळं साठवतो तो."

१४ एप्रिल, सोमवार

सकाळच्या धारा तिने काढून ठेवल्या होत्या. गाडी नाही. खुंट्या उपटलेल्या, दोरी गुंडाळून दाराला अडकवलेली. दुधाच्या खोलीत टेबलावर किल्ल्या, आणि खाली नोंदवही उघडी. तिच्या अक्षरात एक नवी ओळ.

तारीख — १३ मार्च. वेळ — ४:५२ ते ५:२६. काय झालं — मेबल, वासरू पायाळू. जवळ कोण होतं — मालक.

माणूस जवळ नसता तर काय झालं असतं — हेच.