गॅलरीतल्या एकतीस कुंड्या

मंगळवार, दुपार

प्रिय सूनबाई,

ही हाक मारायचा हक्क मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. पण पेन हातात घेतलं आणि दुसरं काही लिहवेना, म्हणून तीच राहू दे. मुलगा साडेसहाला घरी येतो. त्याआधी हे पाकीट खाली नर्सरीच्या टेम्पोत पोचायला हवं. अक्षर वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घे.

आधी वाईट बातमी सांगतो. तुझ्या एकतीस सक्युलंटपैकी बारा गेली. मीच मारली, पाणी घालून घालून. तू घर सोडून गेल्यावर मला इथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सकाळी उठायचं, पाण्याचा जग भरायचा आणि गॅलरीत जायचं. तू होतीस तेव्हा मी त्या कुंड्यांकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि नंतर मात्र त्यांना पाणी घातल्याशिवाय घास उतरेना. कुंड्यांखालच्या बशा भरून वाहायच्या, फरशीवर ओघळ यायचे. मला बरं वाटायचं. तुझ्यासाठी एवढं तरी करतोय, असं वाटायचं. मुलाला ती झाडं डोळ्यासमोर नको असायची, पण माझ्या पाणी घालण्याला त्याने कधी हरकत घेतली नाही. उलट एकदा मोठा जग आणून दिला.

तिसऱ्या महिन्यात, तू एका पानापासून वाढवलेलं ते कमळासारखं झाड पिवळं पडलं. खालची पानं उकडल्यासारखी मऊ झाली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. दोन दिवसांनी बोट लावलं तर अख्खं डोकंच हातात आलं. खाली नुसता काळा, बुळबुळीत दांडा, आणि साचलेल्या गटारासारखा वास. शेजारच्या कुंडीतल्या झाडाला हात लावला, तर तेही डुगडुगायला लागलं.

तीन कुंड्या पिशवीत घालून पुलापलीकडच्या नर्सरीत गेलो. तिथल्या बाईंनी मातीत बोट खुपसलं आणि विचारलं, "किती दिवसांनी पाणी घालता?" मी म्हणालो, "रोज." वही विसरलेल्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आजोबा, ही झाडं पानांतच पाणी साठवतात. माती पार कोरडी झाल्यावर द्यायचं. रोजच्या पाण्यात मुळांना हवाच मिळत नाही, ती कुजतात. पानं पिवळी पडेपर्यंत खाली सगळं आटोपलेलं असतं." मग त्यांनी तिथेच एक झाड उपटून, माती झटकून दाखवलं. काळी, चिखलासारखी सुटणारी मुळं म्हणजे गेलेली. पांढरी आणि ताठ असतील, तर आशा आहे.

घरी येऊन मी घड्याळदुरुस्तीची पेटी काढली. दुकान बंद केल्यापासून उघडली नव्हती. डोळ्याला भिंग लावलं, चिमटा घेतला, पातं स्पिरिटने पुसलं. काळं मूळ कापायचं, पातं पुन्हा पुसायचं, पुढचं कापायचं. दांडा आतून तपकिरी दिसला तर आणखी वर कापायचं, स्वच्छ हिरवं लागेपर्यंत. काही झाडांचं असं कापत कापत शेवटी बोटभरच उरलं. कापलेली झाडं सावलीत वर्तमानपत्रावर ठेवायची, जखमेवर खपली धरेपर्यंत चार-पाच दिवस. जुनी माती टाकून दिली, कुंड्या घासून उन्हात वाळवल्या. ज्यांना खाली भोक नव्हतं त्या देऊन टाकल्या. नव्या मातीत निम्म्याहून जास्त जाडसर वाळू आणि बारीक खडी. लावल्यावर आठवडाभर पाण्याचा थेंब नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. सकाळी हात आपोआप जगाकडे जायचा.

हे सगळं मी मुलगा कामावर असताना करायचो. पण गेल्या रविवारी तो बाहेरून लवकर परतला. शेवटची सहा झाडं गॅलरीत कागदावर वाळत होती आणि मी शेजारी बसलो होतो. त्याने बुटाच्या टोकाने कागदाची कड दाबली. "हा कचरा बुधवारच्या आत गेला पाहिजे," तो म्हणाला, "आता याचं काम संपलंय." मी विचारलं, कसलं काम? तो हसला. फोन काढून त्याने मला फोटो दाखवले. काठोकाठ भरलेल्या बशा, फरशीवर पसरलेलं पाणी, माझा जग. "कोर्टात दाखवायचेत. तिच्या कुंड्यांमुळे फरशी कायम ओली असायची, ती घसरली. हॉस्पिटलमध्ये तिनेच तसं लिहून दिलंय. बाबा, तुम्ही एवढं पाणी ओतलंत ते बरंच झालं."

मी चिमटा पुसून पेटीत ठेवला. त्याच्या बुटाखालचा कागद हळूच ओढून घेतला. वर बघायची हिंमत नव्हती.

सोमवारी तो गेल्यावर स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं आणि मागची पानं उलटली. नर्सरीतल्या बाईंनी सांगितलं होतं, पाण्याची तारीख लिहीत जा. मला आठवलं, तू निळ्या पेनाने काहीतरी छोटं काढायचीस. थेंब होते ते. दोन आठवड्यांनी एक, कधी तीन आठवड्यांनी. तुझा हात मोडला त्या तारखेच्या आधीचा शेवटचा थेंब तेरा दिवस मागे आहे. ते पान पाकिटात घातलंय. तुझ्या वकीलबाईंना दे, आणि ते फोटो कुठल्या तारखेचे आहेत तेही विचारायला सांग. तू या घरात असताना त्या बशांमध्ये कधी पाणी नव्हतं.

आता जे पाच महिने लिहायचं राहिलं ते लिहितो. त्या संध्याकाळी मी माझ्या खोलीत होतो. मुलाचे वकील परवा घरी आले होते. म्हणाले, "तुम्हाला कमी ऐकू येतं एवढंच सांगा, या वयात कुणालाही पटेल." सूनबाई, मी चाळीस वर्षं घड्याळं कानाला लावून त्यांच्यातला बिघाड ओळखला आहे. मला सगळं ऐकू आलं. त्याचा आवाज चढला तो, खुर्ची सरकली ती. तू दोनदा "बाबा" म्हणालीस, तेही. मी पलंगाच्या कडेला बसून राहिलो. तू पडल्याचा आवाज आला, त्यानंतरही लगेच उठलो नाही. गॅलरीत आलो तेव्हा पायात काही नव्हतं. फरशी कोरडी होती. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी आत पाणी आणायला गेलो, कारण तुझ्यासमोर उभं राहवेना. हॉस्पिटलमध्ये तो तुझ्या उशाशी उभा असताना तू घसरल्याचं लिहून दिलंस, तेव्हाही मी दाराशी गप्प होतो.

उद्या अकराला माझी साक्ष आहे. मुलगा मला त्याच्या गाडीतून नेणार, शेजारी बसवणार. मी वर लिहिलंय तेच सांगायचं ठरवलंय. तिथून या घरी परत यायचं नाही. नर्सरीतल्या बाईंनी मागची खोली देऊ केली आहे, रोपांची वाळकी पानं काढायला माणूस हवाच आहे म्हणतात. उरलेली एकोणीस झाडं याच टेम्पोतून तुझ्याकडे येताहेत. पण मी स्वतःला ओळखतो. तो शेजारी बसून माझ्या गुडघ्यावर हात ठेवेल तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटू शकते, त्या संध्याकाळी चिकटली होती तशी. म्हणून हे आजच, घरात एकटा असताना, लिहून देतोय. उद्या माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, तर माझ्याकडे बघत थांबू नकोस. हे पत्र उघडून जजसाहेबांसमोर ठेव. पानाच्या मागे पूर्ण सही केली आहे आणि तारीख घातली आहे. ही माझी सही नाही, असं मला म्हणता येणार नाही.

तुझाच,
हाक ऐकूनही न आलेला,
बाबा