घोडीच्या डोळ्यांवरचं फडकं

आबा, मी दादाला तुमची गोष्ट चुकीची सांगितली. घोडीच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि ती मुकाट्याने रेल्वेच्या डब्यात चढली, असं मी म्हणाले. तसं झालं नव्हतं. तुमचे वडील मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारे; मालकाची घोडी मिरजेहून पुण्याला न्यायची होती. फडकं बांधल्यावर ती डब्याला लावलेल्या फळीवरच बुजली, पाय घसरून गुडघे फुटले. मला रक्ताचं ऐकवत नसे, म्हणून तेवढा भाग गाळायला मीच तुम्हाला लावायचे. तुम्ही मला मांडीवर घेऊन मुळाक्षरं गिरवून घ्यायचात, माझं बोट थांबलं की गोष्टही थांबायची. मग तुमच्या वडिलांनी फडकं सोडलं, तिच्याच तबेल्यातलं गवत डब्यात पसरलं आणि स्वतः आधी आत जाऊन उभे राहिले. बराच वेळ. ती आपणहून आली. मोतद्दाराला बसायला शेजारी वेगळा कप्पा होता, पण ते पुण्यापर्यंत तिच्या मानेवर हात ठेवून उभेच.

हे आज आठवायचं कारण माझे बाबा, म्हणजे तुमचा मुलगा. आई गेल्यापासून ते मिरजेत एकटेच, आणि हल्ली गॅस चालू ठेवून फिरायला जातात. दादाने पुण्यात वृद्धाश्रम पाहिलाय. "डोळे तपासायला चाललोय म्हणून गाडीत बसवू," तो काल फोनवर म्हणाला. मी म्हटलं, फसवून नको. "तूच तर घोडीचं सांगितलंस. आणि तिकडे सिंगापुरात बसून नको म्हणायला तुझं काय जातंय?" इथल्या बुओना व्हिस्टाच्या मेट्रो स्टेशनवर मी तशीच उभी, समोरून गाड्या निघून गेल्या. नंतर बाबांना फोन केला तर ते खुशीत. "रविवारी दादा मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेतोय. नवा चष्मा करू म्हणतो. काळी फ्रेम घेऊ का गं?" मी म्हटलं, घ्या.

दुसरा मार्ग माझ्याकडेही नाही. त्यांना एकटं ठेवता येत नाही, इथे आणता येत नाही. तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून खरं ते लिहिते. तुमच्या वडिलांसारखं वृद्धाश्रमात आधी आत जाऊन उभं राहणं मला जमेल, बाबांची जुनी सतरंजीही नेईन. पण मी तिथून सिंगापूरला परत येणार आहे. हे त्यांना माझ्याच तोंडून कळायला हवं. दादाने रविवार ठरवलाय. मी शनिवारी मिरजेत असेन, आणि चष्म्याचं खोटं आहे हे त्यांना शनिवारीच सांगेन.