बाबाच्या चंचीतल्या गोळ्या

संघपाल,

मी ड्युटीवर चालली, उद्या सकाळी येईन. तुले उठवलं नाही.

बाबाची पानाची चंची धुवाले काढली, तर आत झोपेच्या नऊ गोळ्या निघाल्या. चूक माहीच हाय. वॉर्डात गोळी दिली की मी प्रत्येक पेशंटले तोंड उघडाले लावते. बापाले कसं म्हणावं, म्हणून हातावर गोळी ठेवून मागं फिरत होती.

काहून साठवल्या म्हणून विचारलं, तर म्हणाले, "संघपाल महिन्याभरापासून झोपून नाही राहिला. त्याच्यासाठी ठेवल्या."

खरं बोलले का मले टाळलं, काही समजून नाही राहिलं.

सगळ्या गोळ्या मी संग नेल्या. आज रातची एक शेजारच्या नसीमचाचीकडे देऊन ठेवली, जेवण झालं की ती घेऊन येईल. एकच द्यायची. राहिलेल्या भरून काढाच्या नसतात. बाबा गिळेपर्यंत दोघंबी समोर बसजा, आन् जिभेखाली पाहजा. पिकावरच्या फवाऱ्याच्या औषधाची बाटलीबी चाचीकडेच ठेवली हाय. काहून, ते विचारू नको.

मी हे लिहाले बसली तवा तू डोळे मिटून पडला होता. झोपला होता ना?

ताई